नदीकाठच्या चर्चमधली ऊब

धुडकूआप्पा सुरतेत उधन्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये वायरमन होते आणि त्यांना आगीचं भय होतं. विजेचं नाही. चालू वायरला ते बेधडक टेस्टर लावायचे. पण कुठे जळका वास आला, की हातातलं काम टाकून उभे राहायचे आणि नाक वर करून वास कुठून येतोय ते शोधत फिरायचे. गोडादऱ्यात आमची खोली त्यांच्या खोलीला लागून होती. आमच्याकडे फोडणी जरा करपली तरी भिंतीपलीकडून त्यांची हाक यायची, "काय जळी राह्यनं?"

याला कारण होतं. मिलमध्ये छापलेलं कापड वाळवायचं एक मशीन असतं. त्यात लाल तापणाऱ्या नळ्यांची रांग असते आणि ओलं कापड त्यांच्याखालून सरकत जाऊन कोरडं बाहेर पडतं. या नळ्यांना इन्फ्रारेड हीटर म्हणतात. मिलमधले लोक नुसतं 'रॉड' म्हणायचे. एका दुपारी मशीन मध्येच अडकलं, कापड रॉडखाली थांबलं आणि पेटलं. सखाराम नावाचा आप्पांचा जोडीदार मेन स्विच पाडायला धावला. आप्पा त्याच्या मागेच होते. त्यांचे पाय जागचे हलले नाहीत. सखारामने स्विच पाडला, पण तो स्वतः वाचला नाही. आप्पांना कोणी बोल लावला नाही. सगळं इतक्या झटपट झालं होतं, की आणखी एक माणूस धावून काही उपयोग नव्हता. हे आप्पांना सगळ्यांनी सांगितलं, आणि आप्पांना ते कधीच पटलं नाही.

पुढची हकिगत चौऱ्याण्णव सालची. मी ती थोडी आप्पांकडून आणि बरीचशी त्यांच्या बायकोकडून, सरलाबाईंकडून ऐकली.

त्या वर्षी तापीला पूर आला. पाणी उतरलं, गणपतींचं विसर्जन झालं आणि त्याच आठवड्यात शहरात प्लेग आल्याची बातमी पसरली. एका दिवसात गल्लीचा रंग बदलला. जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागला. औषधांच्या दुकानांतून कॅप्सूल संपल्या. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांवर माणसं इतकी तुटून पडली, की उधना स्टेशनवर खिडकीतून आधी पोरं आत टाकायची आणि मग आईबापांनी लोंबकळायचं. आप्पांनीही दोन्ही मुलांना, धर्मेंद्रला आणि सोनालीला, गावच्या माणसांबरोबर अमळनेरला पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी स्वतः निघणार, तर पहाटे सरलाबाईंना ताप भरला आणि खोकला सुरू झाला.

"माले काय व्हयनं?" त्यांनी विचारलं.

आप्पा उठले. बाहेर जाऊन रिक्षा शोधायला लागले. सरलाबाईंचा खोकला ऐकला की रिक्षावाला गाडी पुढे काढायचा. शेवटी त्यांनी बायकोला एका हातगाडीवर निजवलं, वर चादर घातली आणि स्वतः ढकलत दवाखान्यात नेलं. वाटेत ओळखीची माणसं दिसली, ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

दवाखान्यातले निम्मे कर्मचारी निघून गेलेले. वॉर्डात एक म्हातारी नर्स होती, मालतीबाई. मूळच्या नंदुरबारच्या, ख्रिस्ती, चार वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झालेल्या. माणसं कमी पडली म्हणून आपणहून पुन्हा कामाला आल्या होत्या. आप्पा दारातच थबकले.

"आत ये ना रे भाऊ. तिला एकटी कशी धरू मी?" मालतीबाई म्हणाल्या.

"सिस्टर, प्लेग आहे का?"

"ते डॉक्टर सांगतील. आधी पाय धर तिचे."

तो प्लेग नव्हता, न्यूमोनिया होता. पण ते कळेपर्यंतचे दिवस आप्पांनी वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर काढले. शेजारच्या खाटा रिकाम्या होताना ते पाहत होते, आणि रिकाम्या का होताहेत हे विचारायची त्यांची छाती होत नव्हती. मालतीबाई मात्र सरलाबाईंच्या उशाशी बसून त्यांना चमच्याने पाणी पाजत. दिवाळीच्या आत सरलाबाई घरी आल्या.

डिसेंबरात सरलाबाई आप्पांना म्हणाल्या, "सिस्टरले भेटी येऊत." दोघं ज्वारीचं पीठ आणि गावाकडची तीळ-शेंगदाण्याची चटणी घेऊन त्यांच्याकडे गेले. मालतीबाई नदीकाठच्या एका चर्चच्या मागच्या चाळीत एकट्या राहत. त्यांना पाहून सरलाबाई चरकल्याच. अंगावर मांस उरलं नव्हतं आणि दर दोन वाक्यांनंतर खोकल्याची उबळ येत होती.

"घाबरू नका, जुना दमा आहे. ओलाव्यात वाढतो," मालतीबाई घाईने म्हणाल्या. आजकाल खोकल्याबरोबर हे सांगायची त्यांना सवयच झाली होती. मग हसून म्हणाल्या, "आता चर्चलाही जात नाही. मी खोकले की माझ्या बाकावरची माणसं उठून जातात. मागच्या रविवारी अख्खी ओळ मोकळी झाली. प्रवचन चाललेलं आणि मी एकटी मधोमध. त्यापेक्षा घरी बरं."

सरलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आप्पा चहाच्या कपात बघत बसले.

परत निघताना त्यांनी चर्चमध्ये डोकावून पाहिलं. साहेबाच्या काळातली इमारत, दोन हात जाडीच्या भिंती, सागवानी छत इतकं उंच की वरचं नक्षीकाम अंधारात बुडालेलं. पुराचं पाणी आत उभं राहिलं होतं त्याची तपकिरी रेघ भिंतीवर कमरेच्या वर दिसत होती. रेघेखालचा चुना फुगून गळत होता. सुरतेत थंडी म्हणजे तशी नावालाच; बाहेर लोक नुसत्या सदऱ्यावर फिरत होते. आत मात्र विहिरीत उतरल्यासारखा गारवा होता, आणि कुबट वास.

पाळक सुकदेवभाई बाक पुसत होते. आप्पा वायरमन आहेत हे कळल्यावर ते हातातलं फडकं टाकून जवळ आले. "भाई, काही उपाय सांगा. म्हातारी माणसं इथे कुडकुडतात, खोकतात. एकजण खोकला की बाकीचे पळतात. कोळशाच्या शेगड्या ठेवून पाहिल्या, तर धुरानं सगळेच खोकायला लागले. मग गरम हवेचा मोठा ब्लोअर आणला. तासभर गरगर फिरला, मीटर पळत होतं आणि माणसं गारच्या गार."

"गरम हवा वर जाते, साहेब," आप्पा म्हणाले. "तुमचं छत तापलं असेल."

"मग काय करायचं?"

आप्पांना उत्तर ठाऊक होतं, आणि ते तोंडातून बाहेर काढायला त्यांना नको वाटत होतं. घरी आले, रात्रीचं जेवण झालं. मग सरलाबाईंना म्हणाले, "रॉड लावले तर होईल. रॉड हवा तापवत नाही. ऊन कसं अंगावर पडतं, तसं समोर जे असेल तेवढंच तापतं. पुढच्या बाकांवर माणसं असली तर तेवढ्यापुरतेच लावायचे. भिंतीवर रोख धरला तर भिंतही वाळेल."

"मग लावा ना."

"वर सगळं लाकूड आहे. शंभर-दीडशे वर्षांचं सुकं लाकूड. पेटलं तर?"

सरलाबाईंनी भांडी गोळा केली. उठता उठता म्हणाल्या, "ती बाई मना खाटजोडे बठेल व्हती, तवय तिले भ्याव नही लागत व्हता का?"

दुसऱ्या दिवशी आप्पा मिलमालक मगनभाईंना भेटले. जुन्या मशीनचे काढून ठेवलेले रॉड गोदामात धूळ खात पडले होते, ते त्यांनी मागून घेतले. मगनभाईंनी विचारलं, "चर्चमध्ये कापड छापणार की काय?" पण दिले.

पुढचे काही दिवस आप्पा कामावरून सुटले की थेट नदीकाठी जात. चर्चचं जुनं वायरिंग कापडाच्या वेष्टणाचं होतं, बोट लावलं तरी त्याचा भुगा होत होता. त्यांनी त्याला हातच लावला नाही. मीटरपासून जाड केबलची वेगळी लाइन ओढली आणि दाराशी एक मोठा मेन स्विच बसवला. भिंतीत खिळा ठोकला तर चुन्याची ढेपच निघून यायची. म्हणून छताखालून आडव्या गेलेल्या लोखंडी सळ्यांना साखळ्या बांधून त्यांनी रॉड लटकवले, डाव्या भिंतीच्या अंगाला, तोंडं बाकांकडे तिरपी. लाकडापासून किती लांब, बाकापासून किती वर, हे पुन्हा पुन्हा बघितलं. रॉड लावून ते स्वतः खाली बसायचे, डोक्यावर ऊब येते की चटका बसतो ते पाहायचे, मग साखळीची एक कडी कमी-जास्त करायचे.

पहिल्यांदा सगळे रॉड एकदम लावले तेव्हा जळका वास आला. आप्पांनी झटक्यात मेन स्विच पाडला आणि ते धापा टाकत दाराबाहेर गेले. सुकदेवभाई मागून आले.

"काय झालं?"

"वास."

"धूळ जळत असेल. गोदामात पडले होते ना?"

धूळच होती. पुसून पुन्हा लावले तेव्हा वास आला नाही. पण त्या रात्री आप्पांना झोप लागली नाही. कापड रॉडखाली थांबलंय आणि आपले पाय जमिनीत रुतलेत असं त्यांना पडल्या पडल्या दिसत होतं.

नाताळची प्रार्थना सकाळची होती. आप्पा आणि सरलाबाई लवकरच पोहोचले. लोक येण्याआधी रॉड लावून ठेवले होते. माणसं आत आली, भिंतीजवळच्या बाकांवर बसली आणि एकमेकांकडे बघायला लागली. कुणी शाल खांद्यावरून खाली घेतली. एका म्हाताऱ्याने दोन्ही तळवे वर धरले, जसे शेकोटीपाशी धरतात. मालतीबाईंना सुकदेवभाईंनी स्वतः हात धरून आणलं आणि डाव्या भिंतीकडच्या पुढच्या बाकावर बसवलं. त्या एकदा खोकल्या. दोघीतिघींनी मान वळवून पाहिलं. मग त्या खोकल्या नाहीत. सरलाबाई मुद्दाम जाऊन त्यांना खेटून बसल्या.

आप्पा आत बसायला तयार नव्हते. ते दाराशी मेन स्विचजवळ उभे राहिले, नजर वर. गाणी झाली. सुकदेवभाई बोलायला उभे राहिले. आप्पांना शब्द ऐकू येत नव्हते. ते पहिल्या रॉडपासून शेवटच्या रॉडपर्यंत आणि पुन्हा उलट असं पाहत होते.

वास आला.

आधी त्यांना वाटलं, पुन्हा धूळच. मग गवत जळतं तसा वास आला, तिखट. मालतीबाईंच्या बरोबर वर, छत भिंतीला टेकतं तिथल्या लाकडी पट्टीच्या मागून धुराची एक बारीक दोरी निघाली होती. आप्पांनी काय ते ओळखलं. पट्टीमागे भोक होतं आणि भोकात चिमण्यांचं घरटं; खालच्या रॉडच्या पाठीमागची धग त्याला लागली होती. बाकी सगळं त्यांनी तपासलं होतं. त्या कोपऱ्यात शिडी नीट टेकत नव्हती, ती हलायची, म्हणून तिथे ते शेवटपर्यंत चढलेच नव्हते.

त्यांनी स्विच पाडला. रॉडची लाली उतरली. पण वर ठिणगी धरलेली होती. जळतं गवत फुटून खाली पडलं, बाकांच्या मधल्या फरशीवर, आणि एक बाई किंचाळली. धूर खाली यायला लागला तसे दोघं-चौघं खोकले. त्या वर्षी सुरतेत एवढं पुरेसं होतं. कुणी आग म्हणालं, कुणी काही वेगळंच समजलं. माणसं बाकांवरून उड्या टाकत दाराकडे आली. आप्पा दाराच्या बाजूला भिंतीला चिकटून उभे होते. गर्दी त्यांना घासून बाहेर जात होती आणि त्यांचे पाय पुन्हा जागचे हलत नव्हते. त्यांना सखारामची पाठ दिसत होती.

गर्दी ओसरली तेव्हा आत तिघंच उरली होती. मालतीबाईंना गुडघ्यांमुळे पटकन उठता येत नव्हतं आणि सरलाबाई त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचलायचा प्रयत्न करत होत्या. दोघींच्या डोक्यावर लाकडी पट्टीची कड काळी होत चालली होती. तिसरे सुकदेवभाई, ते शिडी ओढत आणत होते. त्यांना ती एकट्याला पेलत नव्हती.

सरलाबाईंनी वळून पाहिलं. आप्पांवर ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "अहो, या ना."

आप्पा सांगायचे, की पाय कसे सुटले ते त्यांना कळलंच नाही. फरशी पुसायची बादली दाराशी होती, तिच्यात भिजलेलं एक गोणपाट होतं. ते उचलून आप्पा धावले. शिडीचं दुसरं टोक धरलं. शिडी त्या कोपऱ्यात हललीच. सुकदेवभाईंनी छातीने ती दाबून धरली. आप्पा चढले. वर धूर डोळ्यांत गेला, काही दिसेना. त्यांनी चाचपडत ओलं गोणपाट भोकात कोंबलं आणि हात भाजत असतानाही दाबून धरलं. फुस्स आवाज झाला. त्यांनी ते काढलं, पट्टीच्या काळ्या कडेवर थोपटलं, पुन्हा कोंबलं. खालून सुकदेवभाई काहीतरी विचारत होते. आप्पा गोणपाट दाबतच राहिले.

धूर थांबला, तरी ते वरच उभे राहिले. तेव्हा मालतीबाईंनी हाक मारली, दवाखान्यात रोग्याला मारावी तशी, जरा दरडावून. "आता उतर खाली. पाय कापताहेत तुझे. पडशील तर मला पुन्हा ड्यूटी लागेल."

आप्पा उतरले आणि बाकावर बसून ढसाढसा रडले. मालतीबाईंनी त्यांचा भाजलेला हात आपल्या मांडीवर घेऊन पाहिला. सरलाबाईंनी बाहेर जाऊन पाणी आणलं. उघड्या दारातून लोक आत बघत होते. कुणी आत यायला तयार नव्हतं.

त्या दिवसानंतर आप्पा चर्चकडे फिरकले नाहीत. मिलमध्ये जायचे, घरी यायचे. हाताला पट्टी होती. सरलाबाईंनी विषय काढला तर म्हणायचे, "चूक माझी होती. ते सगळं काढून टाकायला सांग त्यांना." चर्चमधल्या काहींचंही तेच मत होतं. देवाच्या घरात असली यंत्रं कशाला, असं ते म्हणत होते.

एका संध्याकाळी सुकदेवभाई स्वतः गोडादऱ्यात आले. आमच्या ओट्यावरून आत जाताना मी त्यांना पाहिलं, पांढरा सदरा, पायात चिखलाच्या चपला. आप्पा त्यांना बघून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"धुडकूभाई, रॉड काढायचे की ठेवायचे ते नंतर बघू," सुकदेवभाई म्हणाले. "पण घरटी मला एकट्याला काढता येत नाहीत. शिडी हलते. मी चढतो, तुम्ही धरा."

"मी धरू?"

"हो. मलाही उंचावर गरगरतं. खाली कोणीतरी घट्ट धरलं पाहिजे."

आप्पा त्या रविवारी दुपारी गेले. आधी सुकदेवभाई चढले, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि दोन घरटी काढून ते उतरले. मग आप्पा चढले. असं आळीपाळीने त्यांनी छताखालचं भोक न् भोक उघडं केलं, साफ केलं आणि त्यावर बारीक तारेची जाळी ठोकली. लटकवलेले रॉड आप्पांनी खाली घेतले. मिलमधून जुने पाइप आणून त्यांच्या तिवया बनवल्या आणि रॉड भिंतीपासून दूर, बाकांच्या मधल्या वाटेत, माणसाच्या डोक्याहून थोडेच वर बसवले. प्रत्येकाला वेगळा स्विच. जिथे माणूस बसेल तिथलाच लावायचा. आता ऊब कमी विजेत जास्त मिळत होती, पण आप्पांना त्याचं फार काही वाटलं नाही. लाकूड लांब गेलं, एवढंच त्यांच्या दृष्टीने खरं होतं.

लोक लगेच परतले नाहीत. पहिल्या रविवारी मालतीबाई, सुकदेवभाईंच्या घरची माणसं आणि दाराशी आप्पा. मग हळूहळू आले. संक्रांतीनंतर थंडी वाढली तेव्हा मालतीबाईंच्या बाकावर दोघी बायका आपणहून येऊन बसल्या, कारण ती जागा सगळ्यांत उबदार होती. आठवड्याच्या इतर दिवशी काम सुटलं की आप्पा तेच रॉड ओल्या भिंतीकडे वळवून ठेवायचे आणि स्वतः समोर स्टुलावर बसून राहायचे. रॉड चालू सोडून ते कधी चहालाही गेले नाहीत. उन्हाळा लागेपर्यंत पुराची रेघ फिकट झाली आणि चुना गळायचा थांबला.

त्यांची भीती गेली नाही. हे मी शेजारी राहून पाहिलं आहे. पुढचे तीन हिवाळे ते दर रविवारी तिथे जात आणि मागच्या बाकावर बसून वर बघत राहत. नवीन आलेल्या एका कुटुंबाला वाटलं, हा कोणी फार भाविक गृहस्थ आहे. खोकल्याचा आवाज आला तरी ते दचकत. पण उठून गेले नाहीत.

मालतीबाई सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये गेल्या, झोपेत, फार त्रास न होता. आप्पा आणि सरलाबाई दोघंही अंत्यविधीला गेले. उकाडा इतका होता की लोक हातातल्या कागदांनी वारा घेत होते आणि चर्चच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. सुकदेवभाईंनी आप्पांना पुढे बोलावलं, शवपेटी उचलायला एक खांदा कमी पडत होता. आप्पांनी चपला काढल्या, पुढे गेले आणि डाव्या बाजूला खांदा दिला.